खरी लोकर, खोटी लोकर आणि सासूबाई : अरेकिपातले सहा दिवस

निघायला अठरा दिवस उरले होते तेव्हा स्नेहाचा फोन आला. घोटा फ्रॅक्चर, सहा आठवडे प्लास्टर, पेरू रद्द. ती रडत होती आणि मीही रडायच्या बेतात होते.

स्नेहा माझी विणकामातली मैत्रीण. मी डब्लिनच्या टॅला भागातल्या एका हॉस्पिटलमध्ये आयटीचं काम करते आणि तिथे जवळच दर मंगळवारी संध्याकाळी काही बायका विणायला जमतात. चार वर्षं आम्ही दोघी आयरिश मेंढ्यांच्या टोचऱ्या लोकरीचे स्वेटर विणत होतो आणि एकमेकींना अल्पाकाच्या लोकरीचे फोटो पाठवत होतो. अल्पाका म्हणजे पेरूच्या डोंगरातला, उंटाच्या कुळातला, लांब मानेचा प्राणी. त्याची लोकर एकदा हातात घेतली की बाकीच्या लोकरी पायपुसण्यासारख्या वाटायला लागतात. या लोकरीचा मोठा व्यापार ज्या शहरातून चालतो, ते दक्षिण पेरूमधलं अरेकिपा. तिथे जायचं, हाताने निवडून लोकर घ्यायची, बाजार बघायचे, एवढाच बेत होता. माचू पिचू नाही, ट्रेक नाही. खरेदीला चाललोय असं सांगायची लाज वाटायची म्हणून ऑफिसात मी ‘कल्चरल ट्रिप’ म्हणत होते.

त्या दिवशी जेवताना मी घरात सांगितलं की आता मीही जात नाही. माझा नवरा निखिल म्हणाला, “बरं झालं, एकटीने कशाला जायचं एवढ्या लांब.” आमची सात वर्षांची इरा म्हणाली, “दॅट्स नॉट फेअर, मम्मा.” आणि पोळी वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या,

“मी येतो न तुह्यासंग. तिकीट तर हायेच.”

“आई, तिकीट नावाचं असतं. स्नेहाच्या तिकिटावर तुम्हाला जाता येत नाही.”

“मंग नवीन काढ. त्यात काय?”

निखिलने माझ्याकडे पाहिलं, मी निखिलकडे. सासूबाईंशी माझं कधी वाजलं नव्हतं. पण लग्नाला अकरा वर्षं होऊनही आम्ही दोघी चार तास एकट्या कुठे गेलो नव्हतो.

त्यांच्याबद्दल सांगायला हवं. सुनंदाबाई, वय चौसष्ट, नागपूरच्या. सासरे लवकर गेले. घराखालच्या एका गाळ्यात त्यांनी एकतीस वर्षं ब्लाउज शिवले आणि त्यावर दोन मुलांना इंजिनिअर केलं. मुलगी अमेरिकेत, मुलगा इथे. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दुकानाचं शटर खाली आलं आणि निखिल त्यांना डब्लिनला घेऊन आला. आता दुकान विकायचं आणि त्यांनी इथेच राहायचं असं ठरलं होतं. म्हणजे निखिलने ठरवलं होतं आणि मी मान डोलावली होती. दुकान विकण्यासाठीच्या मुखत्यारपत्राचे कागद स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आम्हीही म्हणायला लागलोय) त्यांच्या सहीची वाट बघत पडले होते.

खरं लिहायचं तर त्यांच्या इथे असण्याने माझं आयुष्य सोपं झालं होतं. आम्ही सँट्रीला राहतो. निखिलचं ऑफिस डंडॉकला, म्हणजे एक तास उत्तरेला. माझं टॅलाला, म्हणजे ट्रॅफिकमध्ये एक तास दक्षिणेला. मध्ये इराची शाळा दुपारी अडीचला सुटते. सासूबाई तिला चालत जाऊन आणायच्या, गरम वरणभात घालायच्या. मी सहाला दार उघडायचे तेव्हा फोडणीचा वास यायचा. अशा माणसाने कायम राहावं असं कोणाला वाटणार नाही?

व्हिसाचं आधी सांगते, कारण सगळे तेच विचारतात. माझा पासपोर्ट आयरिश आहे, मला पेरूला व्हिसा लागत नाही. सासूबाईंचा भारतीय, पण मुलीमुळे त्यांच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे आणि तो चालू असेल तर पेरू वेगळा व्हिसा मागत नाही. परत आयर्लंडमध्ये येण्याचा त्यांचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हे मात्र मी तीनदा तपासलं. नियम बदलत असतात, तुम्हीही तपासा. माझ्या ब्लॉगवर विसंबून विमानतळावर अडकू नका.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात शाळेला सुट्टी असते. निखिलने रजा टाकली, इराला सांभाळायचं कबूल केलं आणि आम्ही निघालो. सँट्रीत राहण्याचा हा एक फायदा, की विमानतळ दहा मिनिटांवर. डब्लिन ते माद्रिद, माद्रिद ते लिमा बारा तास आणि मग लिमा ते अरेकिपा दीड तास. सासूबाईंसाठी सगळीकडे व्हीलचेअर मागितली होती. माद्रिदला त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “म्हातारी झाली म्हनून नाई बसली, लाइनीत उभं राहाचा कंटाळा म्हनून बसली, हे ध्यानात ठेवजो.”

अरेकिपाला उतरलो तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि डब्लिनमध्ये दोन महिन्यांत पाहिलं नव्हतं एवढं ऊन एका वेळी अंगावर आलं. समोर मिस्ती नावाचा ज्वालामुखी, पोरांनी चित्रात काढावा तसा अगदी त्रिकोणी. शहर पांढरं. ज्वालामुखीच्या राखेतून बनलेला सियार नावाचा पांढरा दगड आहे, त्याचीच घरं, देवळं, कमानी. विमानतळावरून गावात टॅक्सीला तीस सोल पडले. साधारण चार सोल म्हणजे एक युरो, हे डोक्यात ठेवा. बसण्याआधी भाडं ठरवा, मीटर नसतो.

आमची खोली यानावारा भागात होती, गच्ची असलेलं एका बाईंचं छोटं गेस्टहाउस. दिवसाला एकशेवीस सोल, नाश्त्यासह. समुद्रसपाटीपासून शहर तेवीसशे मीटरवर आहे. माचू पिचूच्या वाटेवरच्या कुस्कोइतकं उंच नाही, म्हणून ज्येष्ठांसाठी मी अरेकिपाच सुचवेन, पण पहिल्या दिवशी डोकं जड होतंच. मालकीणबाईंनी कोकाच्या पानांचा चहा दिला. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “गवत उकळून देल्लं.” पण पूर्ण कप संपवला. तासाभराने स्वतःच दुसरा मागितला. (तो चहा तिथेच प्या. पानं किंवा त्याच्या पुड्या आयर्लंडमध्ये आणायच्या नाहीत, कायद्याने बंदी आहे.)

दुसऱ्या दिवशी सान कामिलो मार्केट. लोखंडी छताखाली अख्खं शहर भाजी घेतं. बटाट्यांची एक रांगच्या रांग : जांभळे, पिवळे, गुलाबी, आल्यासारखे गाठाळ, आणि डोंगरातल्या थंडीत गोठवून वाळवलेले पांढरे खडखडीत. सासूबाईंनी एक उचलून कानाजवळ वाजवला. बटाटेवाली हसली. मग सासूबाईंनी नखाने साल खरवडलं, वास घेतला आणि तिच्याशी मराठीत बोलायला सुरुवात केली. मी मोबाइलचं भाषांतर उघडेपर्यंत त्यांना पाव किलोवर चार बटाटे फुकट मिळाले होते.

“आई, आपल्याकडे चूल कुठे आहे?”

“नाई हाय. पन तिनं देल्ले, नाई कसं म्हनाचं?”

शाकाहारी असाल तर घाबरू नका. ‘सोल्तेरो दे केसो’ म्हणून एक कोशिंबीर मिळते : चीज, मोठ्या दाण्यांचा मका, पावट्याच्या दाण्यांसारखे टपोरे दाणे, टोमॅटो, ऑलिव्ह. ‘ओकोपा’ म्हणजे उकडलेल्या बटाट्यांवर शेंगदाणे, चीज आणि एका उग्र वासाच्या पाल्याची दाट चटणी. काही ठिकाणी त्यात कोळंबी वाटतात, म्हणून विचारून घ्या. सासूबाईंचं मत : “दान्याची चटनी हाय, फक्त तिखट घालाचं राहून गेलं.” दोघींचं जेवण बत्तीस सोलमध्ये झालं. त्यावर ‘केसो एलादो’, ज्याच्या नावात चीज आहे पण आत फक्त दूध, खोबरं, दालचिनी आणि बर्फ. हे मात्र त्यांनी तिथून पुढे रोज खाल्लं.

खरी खरेदी तिसऱ्या दिवशी सुरू झाली. मुख्य चौकाच्या मागे जुन्या पांढऱ्या कमानींच्या आवारात हस्तकलेची चाळीसेक दुकानं आहेत. शाली, टोप्या, चामड्याच्या पिशव्या, सियारच्या दगडातून कोरलेले दिवे. प्रत्येक शालीवर एकच चिठ्ठी : शंभर टक्के बेबी अल्पाका. मला एक निळसर राखाडी शाल आवडली. दुकानदारीण पस्तिशीची, गोबऱ्या गालांची. ती नव्वद सोल म्हणाली. बावीस-तेवीस युरोत बेबी अल्पाका! मी पाकीट काढलं.

सासूबाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. शालीचं टोक दोन बोटांत धरून चोळलं. उजेडाकडे धरलं. मग मला म्हणाल्या, “तिले काडेपेटी माग.”

“कशाला?”

“माग तर.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुणेरी वळण म्हणा किंवा डब्लिनची सवय म्हणा, मी दुकानात भाव करत नाही, वाद तर नाहीच. पण सासूबाईंनी हातानेच काडी ओढल्याची खूण केली आणि दुकानदारणीने लायटर काढून दिला. सासूबाईंनी शालीच्या झालरीतला एक धागा दाखवून खुणेनेच विचारलं, काढू का? ती कसनुशी हसून हो म्हणाली. आम्ही तिघी आवारात कारंज्याजवळ गेलो. सासूबाईंनी धागा चिमटीत धरून पेटवला. तो वितळला, टोकाला काळा मणी झाला आणि प्लास्टिक जळल्याचा वास आला.

“लोकर असती तर केस जळल्यासारखा वास आला असता अन् राख बोटानं चुरली असती,” त्या शांतपणे मला म्हणाल्या. “हे नायलॉनच्या जातीचं हाय. वाईट नाई. पन लोकर नाई. तीस रुपये म्हन.”

“सोल, आई.”

“तेच ते.”

मला वाटलं आता ती बाई ओरडेल. तिने एकदा मण्याकडे पाहिलं, एकदा सासूबाईंकडे, आणि खो खो हसायला लागली. शेजारच्या दुकानातल्या बाईला हाक मारून तिने काहीतरी सांगितलं, तीही हसली. मग माझ्या मोबाइलमध्ये बोलली. भाषांतर आलं : “पर्यटक कधीच तपासत नाहीत. यांचं दुकान आहे का?”

मी सासूबाईंना विचारलं.

त्यांनी लायटर बंद केला, तिच्या हातात परत दिला, आणि मग म्हणाल्या, “सांग तिले, हाय. बंद हाय सध्या.”

मी ‘होतं’ असं भाषांतर करणार होते. आमच्या घरात त्या दुकानाबद्दल सगळे भूतकाळातच बोलत होतो. पण त्या ‘हाय’ म्हणाल्या होत्या, म्हणून मी तसंच सांगितलं.

ती शाल आम्ही घेतली, पस्तीस सोलला, इराच्या बाहुल्यांसाठी. आणि खरी कशी ओळखायची तेही तुम्हाला सांगते, काडेपेटी नसेल तर : खरी अल्पाका गालाला लावली की आधी गार लागते आणि हळूहळू ऊब येते, घडी जड वाटते, हातातून सरकते. खोटी लगेच उबदार लागते आणि हलकी असते. आणि किंमत. खरी शाल दोनशे सोलच्या खाली मिळाली तर संशय घ्या. भाव करा, पण जिथे बाई समोर बसून हाताने विणतेय तिथे फार ताणू नका.

आम्हाला निरोप देताना त्या दुकानदारणीने कागदावर एक पत्ता लिहून दिला. म्हणाली, यांना एल्साकडे घेऊन जा, यांना तिचं काम कळेल.

चौथ्या दिवशी टॅक्सीने एल्साकडे गेलो. शहराच्या कडेला, डोंगरातून उतरून आलेल्या लोकांची वस्ती, विटांची अर्धवट घरं, आठ सोल भाडं. शहरापासून काही तासांवर कोल्का नावाची खोल दरी आहे. तिथल्या बायकांचे घागरे, जाकिटं, हॅट यांच्यावर इतकं दाट भरतकाम असतं की खालचं कापड दिसत नाही. मासे, पक्षी, फुलं, चकाकणाऱ्या धाग्यांच्या वेली. मी समजत होते ते सुईने करतात. आत गेलो तर एल्सा, साठीच्या आसपासची, दोन वेण्या, भरजरी हॅट, पायाने चालवायच्या शिवणयंत्रावर बसली होती. साधंच काळं, सोनेरी वेलबुट्टीचं मशीन. ती दोन्ही हातांनी कापड सुईखाली फिरवत होती आणि कोणताही छाप न काढता त्यावर पक्षी उमटत होता.

सासूबाई दारातच थांबल्या. मी पुढे होऊन नमस्कार-चमत्कार केले, किमती विचारल्या (भरतकामाचा पट्टा चाळीस, हॅट एकशेऐंशी), फोटो काढायची परवानगी घेतली. मागे वळून बघते तर त्या अजून दारात. त्यांचं लक्ष एल्साच्या पायांकडे होतं.

मग त्या तिच्याजवळ गेल्या, खाली वाकल्या आणि मशीनच्या चाकावरच्या चामड्याच्या पट्ट्याला बोट लावलं. पट्टा सैल झाला होता. एल्साने मान हलवली, हो, माहितीये. सासूबाईंनी कात्री मागितली. दोघींनी मिळून पट्टा काढला, बोटभर कापला, तारेचा आकडा परत बसवला. एकीला स्पॅनिश आणि तिची डोंगरातली भाषा येत होती, दुसरीला नागपुरी. मी मोबाइल हातात धरून उभी होते, पण मला कोणी काही विचारलंच नाही. पट्टा बसल्यावर एल्सा उठली आणि स्टुलाकडे हात केला.

“आई, गुडघा,” मी म्हणाले. डॉक्टरांनी शिवणयंत्राचं पायडल स्पष्ट बंद सांगितलं होतं.

“दोन मिनिटं,” त्या म्हणाल्या आणि बसल्या.

त्या सव्वा तास बसल्या. आधी एका चिंधीवर सरळ टाके घातले, मग एल्साने कापड कसं फिरवायचं ते दाखवलं आणि त्यांनी एक पान काढलं, मग दुसरं. वाकडं आलं की दोघी हसत होत्या. मग सासूबाईंनी एल्साला ब्लाउजच्या गळ्याला आतून पट्टी कशी लावायची ते तिच्याच कापडावर शिवून दाखवलं. मी एका पोत्यावर बसून ते बघत होते. अकरा वर्षांत मी त्यांना स्वयंपाक करताना पाहिलं होतं, टीव्ही बघताना, इराचे केस विंचरताना, गणपतीत मोदक वळताना. काम करताना कधीच पाहिलं नव्हतं. त्यांची पाठ वेगळीच दिसत होती. ताठ.

पाचव्या दिवशी सकाळी त्यांना पलंगावरून उठता येईना. गुडघा सुजून नारळाएवढा झाला होता. मी घाबरले, आणि घाबरलं की मी चिडते. “मी सांगत होते ना तुम्हाला!” असं दोनदा म्हणाले. मालकीणबाईंनी फडक्यात बर्फ बांधून दिला, कोपऱ्यावरच्या फार्मसीतल्या मुलीने मलम दिलं आणि दोन दिवस पाय वर ठेवून पडून राहायला सांगितलं. निखिलला फोन लावला.

“मी म्हणत नव्हतो?” तो म्हणाला. “आता तरी तिला पटेल. आल्यावर लगेच सही करून टाकू.”

फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी छताकडे पाहिलं.

दुपारी मी त्यांना गच्चीत आणून आरामखुर्चीत बसवलं. समोर मिस्ती. मी केसो एलादो आणून दिला. त्यांनी अर्धा खाल्ला आणि वाटी बाजूला ठेवली.

“मुग्धा, तू रागावशील. पन सांगतो. मले सही नाई कराची.”

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

“निखिलले वाटते मी थकली. गुडघा थकला, मी नाई थकली. तुमच्या घरी मले काई कमी नाई, तू चांगली हायेस, इराले सोडाचं म्हनलं तर जीव तुटते. पन सकाळी तुम्ही गेल्यावर अडीचपर्यंत मी खिडकीत बसतो, बाई. समोरच्या रस्त्यानं कोन जाते ते पाहातो. कोनीच जात नाई. पाऊस पडते. नागपूरले याच वेळी माह्या दुकानात पाय ठेवाले जागा नसे. बाया भांडत, माहा ब्लाउज आधी, माहा आधी.”

“मग तुम्ही आधी का नाही सांगितलं?”

“कोनी विचारलं? तुम्ही दोघं ठरवून आले. पोरगं इतक्या मायेनं करून राहिलं, त्याले नाई कसं म्हनू?”

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते लिहायला मला लाज वाटते, पण या ब्लॉगवर मी खोटं लिहीत नाही. मला वाटलं, मग अडीच वाजता इराला कोण आणणार?

मी उठले, खाली गेले आणि एकटीच चालत राहिले. यानावाराच्या चौकात पांढऱ्या कमानी आहेत, तिथून सगळं शहर दिसतं, पर्यटक फोटो काढतात. मी तिथल्या कट्ट्यावर तासभर बसले. त्यांना राहायला लावणं फार सोपं होतं. फक्त इराला फोनवर ‘आजी, डोन्ट गो’ म्हणायला लावायचं की झालं. इराला मराठी समजतं, बोलते इंग्रजीत, पण हे तीन शब्द आजीला बरोबर कळले असते. मला हे इतक्या चटकन सुचलं, याचीच मला भीती वाटली.

तिथूनच मी निखिलला पुन्हा फोन केला. एल्साबद्दल सांगितलं, सव्वा तासाबद्दल, खिडकीबद्दल.

“तू भावनेच्या भरात बोलतेयस,” तो म्हणाला. “पाय सुजलाय तिचा. तिथे एकटी पडली तर?”

“इथेही ती दिवसभर एकटीच असते, निखिल.”

“आणि इराचं काय?”

“इरा आपली मुलगी आहे. आपण बघू.”

तो ‘घरी या, बोलू’ म्हणाला आणि फोन ठेवला.

परत येऊन मी सासूबाईंना सांगितलं की मी तुमच्या बाजूने आहे, पण निखिलला पटवायचं काम तुमचं. त्या म्हणाल्या, “त्याले मी जन्म देल्ला. पाहातो मी.” आणि राहिलेला केसो एलादो, जो आता नुसतं दूध झाला होता, पिऊन टाकला.

शेवटचा दिवस माझ्या लोकरीचा. सासूबाईंना टॅक्सीने दारापर्यंत नेलं, खुर्चीवर बसवलं, पाय दुसऱ्या खुर्चीवर. लोकरीच्या दुकानात भिंतभर लडी : न रंगवलेल्या पांढऱ्या, बदामी, चॉकलेटी, राखी, काळ्या, आणि किरमिजी कीटकांपासून काढलेल्या लाल रंगाच्या. शंभर ग्रॅमची लड अठ्ठावीस सोल. डब्लिनमध्ये याच्या तिप्पट पडते. मी चौदा घेतल्या. त्यातल्या दोन सासूबाईंनी परत ठेवायला लावल्या, पीळ सैल आहे म्हणून. बॅगेत लोकर दाबून भरायची असेल तर हवा काढायच्या पिशव्या न्या. डब्लिनला कस्टम्सने काही विचारलं नाही, पण पावत्या हाताशी असू द्या.

घरी आल्यावर दोन आठवडे आमच्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. निखिल आईशी जेवण्यापुरतं बोलत होता. मग एका रविवारी मी वरच्या खोलीतून ऐकलं, तो विचारत होता, “तुझ्या मशीनला इलेक्ट्रिक मोटर बसवता येते का गं?” आणि त्या म्हणाल्या, “कवाचीच येते. मलेच नको होती.” तासाभराने तो मला म्हणाला, “पायडल नाही, मोटर. आणि रोज पाच तासांच्या वर नाही. या अटीवर.” कागद फाडले नाहीत, पण सहीही झाली नाही. सूज पूर्ण उतरल्यावर, नोव्हेंबर संपता संपता सासूबाई नागपूरला गेल्या. विमानतळावर इरा ढसाढसा रडली. मीही.

आता अरेकिपाने मला काय दिलं, असं विचाराल तर बारा लडी लोकर, एल्साकडून घेतलेली एक हॅट आणि धावपळ. निखिल दोन दिवस घरून काम करतो, मी तीन दिवस लवकर निघते, त्यात मंगळवार आहे. विणायला जाणं सुटलं. त्या लोकरीच्या स्वेटरची पाठ तेवढी विणून झाली आहे, बाह्या कधी होतील माहीत नाही. आठवड्यातून दोनदा तरी आम्ही टोस्ट खातो. दमले की वाटतं, गप्प बसले असते तर? हा प्रश्न संपलेला नाही आणि तो संपला असं मी लिहिणार नाही. पण अडीच वाजता शाळेच्या फाटकापाशी उभं राहिल्यामुळे मला माझ्या मुलीच्या मैत्रिणींची नावं कळली. आणि अरेकिपाचं ऊन डोळ्यांसमोर आणलं की ज्वालामुखी दिसत नाही, त्या मशीनवरची ती ताठ पाठ दिसते.

गेल्या शनिवारी इराने आजीला व्हिडिओ कॉल लावला. नागपुरात दुपार होती. फोन उचलला गेला, पण चेहरा दिसेना. छत, पंखा, कुणाच्या तरी जांभळ्या साडीचा पदर. मागून दोन बायका एकदम बोलत होत्या. मग सासूबाईंचा आवाज आला, तोंडात टाचण्या धरल्यासारखा :

“इरू, मंग करजो बेटा. गिऱ्हाईक हाय.”

आणि फोन बंद.

मी पुन्हा लावायला गेले तर इराने तो माझ्या हातातून काढून घेतला.

“लीव्ह हर, मम्मा,” ती म्हणाली. “आजी’ज ॲट वर्क.”